कागदावर ‘अ‍ॅनाटॉमिकल स्नफबॉक्स’ लिहिलंय, म्हणजे काय?

वारज्याची ताई: रविवारी सिंहगड उतरताना धाकटा भाऊ घसरला, उजव्या तळहातावर भार आला. एक्स-रे नॉर्मल आहे. तरी डॉक्टरांनी अंगठ्यासकट स्प्लिंट दिलंय आणि दोन आठवड्यांनी परत एक्स-रे काढायला सांगितलाय. कागदावर ‘टेंडरनेस इन अ‍ॅनाटॉमिकल स्नफबॉक्स’ असं आहे. हाड मोडलेलं नाही तर स्प्लिंट कशाला, म्हणून तो काढायला निघालाय. त्याला बाइक चालवायचीय.

कोथरूडकर: मुरगळलं असेल. आंबेहळद-तुरटीचा लेप लावा, आठवड्यात उतरेल.

फिजिओ, सदाशिव पेठ: ताई, स्प्लिंट काढू देऊ नका, कळकळीने सांगते. तुमचा स्वतःचा अंगठा ताणून वर उचला. त्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला दोन ताठ शिरांमध्ये (रक्तवाहिन्या नव्हेत, स्नायूंच्या दोऱ्या) खळगा पडतो, तोच हा स्नफबॉक्स. पूर्वी लोक ओढायची तपकीर त्यात ठेवत, म्हणून हे नाव. खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं. तळहातावर पडलं की मनगटाच्या आठ हाडांपैकी बहुतेक वेळा तेच मोडतं, आणि पहिल्या एक्स-रेत ती बारीक चीर पुष्कळदा दिसतच नाही. टेंडरनेस म्हणजे तिथे दाबल्यावर दुखणं. ही नोंद म्हणजे ‘फ्रॅक्चर असू शकतं, तसंच धरून चला’ असा निरोप आहे.

घाई नडते ती रक्तपुरवठ्यामुळे. या हाडाला रक्त मुख्यतः अंगठ्याकडच्या टोकातून मिळतं आणि ते उलटं मनगटाकडे जातं. मध्ये मोडलं तर मागच्या तुकड्याचं रक्त तुटू शकतं. मग हाड जुळत नाही, कधी तो तुकडा मरतो, आणि पुढे मनगट झिजतं. कोथरूडकर, लेपासाठी स्प्लिंट काढावं लागेल, म्हणून सध्या लेप नकोच.

वारज्याची ताई: बापरे. पण माझ्याही हाताला तिथे दाबलं की थोडं दुखतंय! आणि आत उडतंय ते काय?

फिजिओ, सदाशिव पेठ: उडते ती रेडिअल धमनी, सगळ्यांचीच उडते. जोरात दाबलं तर चांगल्या हातालाही तिथे थोडं दुखतं, म्हणून आम्ही दोन्ही हात ताडून बघतो. एकट्या या खुणेवर फ्रॅक्चर ठरत नाही. दुसऱ्या एक्स-रेतही काही दिसलं नाही आणि दुखणं तसंच असेल, तर डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा. तोवर बाइक नको, मागे बसून जाऊ दे.