पॉइंट बत्तीसचं रिव्हॉल्व्हर, डब्यात दोन लांबीची काडतुसं. कोणती चालतील?

गोदाकाठ_४२२
कानपूरचं जुनं सहा बारी रिव्हॉल्व्हर, मधून मोडून उघडणारं. वारसाने माझ्या परवान्यावर चढलंय. कागदांवर .३२ आणि ७.६५ मिमी असे दोन्ही आकडे आहेत. सोबतच्या डब्यात २५ काडतुसं निघाली, त्यातली काही लांब आणि काही बरीच आखूड. गंमत म्हणजे आखूड काडतुसांच्या पितळी पुंगळीवरही ७.६५ आहे आणि ती चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकात, बसतातही. मग चालायला हरकत काय? की दोन्ही एकच?

बोअर_आणि_मिमी
एकच नाहीत. आणि आधी ती जिवंत काडतुसं चेंबरमध्ये घालून बघणं थांबवा. मोजायचं तर कॅलिपरने, टेबलावर, रिव्हॉल्व्हर रिकामं आणि बाजूला ठेवून.

.३२ हा आकडा म्हणजे आडनाव समजा, त्यावरून माणूस ओळखता येत नाही. गोळीचा खरा व्यास ०.३१२ इंच, म्हणजे साधारण ७.९ मिमी. ७.६५ हा नळीच्या आतल्या उंचवट्यांमधल्या मापावरून आलेला आकडा. तो रिव्हॉल्व्हरच्या काडतुसालाही लावतात आणि पिस्तुलाच्याही, सगळा घोळ तिथेच होतो. नाव पूर्ण वाचायचं.

तुमच्या रिव्हॉल्व्हरचं काडतूस .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. हे १८९६ चं. पुंगळी २३.४ मिमी लांब, बुडाच्या कडेचा व्यास ९.५ मिमी. परदेशी डब्यावर .३२ कोल्ट न्यू पोलीस लिहिलेलं दिसलं तर तेही हेच, फक्त गोळीचं नाक चपटं.

आखूड काडतुसं दोन प्रकारची असू शकतात आणि ओळखायची मेख इथेच आहे:

- .३२ स्मिथ अँड वेसन, मागे ‘लाँग’ नाही. पुंगळी १५.५ मिमी, कडा तीच ९.५ मिमी. लाँगचा हा थोरला भाऊ, १८७८ चा. लाँगच्या चेंबरमध्ये चालतो.
- .३२ एसीपी. हे पिस्तुलाचं, ब्राउनिंगने १८९९ मध्ये आणलेलं. पुंगळी १७.३ मिमी, कडा ९.१ मिमी. तुमच्यात नको.

लांबीत जेमतेम २ मिमीचा फरक, त्यामुळे नजरेवर जाऊ नका. बुडाच्या कडेच्या लगेच पुढे नख फिरवा. खोबण लागली तर पिस्तुलाचं, कारण पिस्तुलाचा हूक त्या खोबणीत अडकून पुंगळी बाहेर ओढतो. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला खोबण नसते, कडा थेट बाहेर आलेली असते. गोळीवर तांब्याचं गुळगुळीत आवरण असेल तर पिस्तुलाचा संशय आणखी बळावतो, पण पुरावा खोबणीचाच धरा.

संध्याकाळचा_सराव
पुस्तकी सगळं बरोबर आहे हो, पण पिस्तुलाची काडतुसं बत्तीसच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सर्रास उडवतात. उडतात, लागतात, काही होत नाही. उगाच घाबरवू नका.

कमानी_आणि_कुलूप
उडतात, मान्य. पण काही होत नाही हे अर्धसत्य.

लाँगसाठी ठरवलेला कमाल दाब दर चौरस इंचाला १५,००० पौंड. एसीपीसाठी २०,५००. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढ. बाजूला सिलिंडर काढणाऱ्या अखंड सांगाड्याच्या नव्या पोलादी रिव्हॉल्व्हरने तो पचवलाही असेल. मधून मोडणाऱ्यात मात्र नळी आणि मागचा भाग धरून ठेवायला खाली बिजागरी आणि वर एक कुलूप, बस. ते एका बाराने तुटत नाही, सैल होत जातं. तपासायचं असेल तर सहाही चेंबर रिकामी असल्याचं दोनदा बघून रिव्हॉल्व्हर बंद करा आणि नळी धरून वरखाली हलवा. कुलपापाशी खेळ जाणवला तर आर्मररला, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याला, दाखवल्याशिवाय एकही बार नाही.

दुसरी भानगड कडेची. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस कडेवर टेकून राहतं. लाँगची कडा सुमारे १.४ मिमी जाड, एसीपीची १.१४. उरलेल्या पाव मिलिमीटरमध्ये काडतूस पुढेमागे होतं. मग कधी घोड्याचा ठोका कमी पडून काडतूस पेटतच नाही, तर कधी बुडातली पेटवणारी टोपी मागे सरकून मागच्या पाटीला घासते आणि सिलिंडर फिरेना होतं. शिवाय कडा लहान, म्हणून उघडताना पुंगळ्या उचलणारी चांदणी तिच्यावरून निसटते. पुंगळी चांदणीखाली गेली की रिव्हॉल्व्हर बंदच होत नाही. मैदानावर हा त्रासच, पण ज्या संरक्षणासाठी परवाना घेतला त्या वेळी असं झालं तर हातात लोखंड उरतं.

बोअर_आणि_मिमी
यात भर. आखूड चालतं पण लांब नाही, हा नियम लोक अडतिसावरून शिकतात (.३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल चालतं, उलट चालत नाही) आणि सरसकट लावतात. तो एका घराण्यातल्या काडतुसांपुरता खरा आहे, म्हणजे पुंगळीचा घेर आणि कडा तीच, फक्त लांबी वाढवलेली. बत्तीसचं घराणं असं: स्मिथ अँड वेसन, लाँग, १९८४ चं एच अँड आर मॅग्नम, मग .३२७ फेडरल मॅग्नम. शेवटच्याचा कमाल दाब ४५,०००, लाँगच्या तिप्पट. एसीपी या घराण्यातलं नाहीच. .३२ लाँग कोल्टही नाही. नावात ‘लाँग’ असलं तरी त्याची पुंगळी बारीक, तुमच्या चेंबरमध्ये ती खुळखुळेल आणि फुगून फाटेल.

लांब काडतूस चेंबर पुढे अरुंद होतो त्या पायरीवर अडकतं, म्हणून चुकीला वाव नाही असंही म्हणतात. काही जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या सिलिंडरला ती पायरीच नसते, आरपार सरळ भोक. त्यामुळे ‘बसलं’ हे उत्तर कुठेच धरू नका.

आपल्याकडे गोंधळ मुख्यतः दोनांतच. कानपूरचं जुनं असो की २०१४ चं निर्भीक, रिव्हॉल्व्हरला लाँग. ईशापूरचं अशनी हे पिस्तूल, त्याला एसीपी. दुकानात नुसतं ‘बत्तीसची द्या’ म्हणू नका, ‘रिव्हॉल्व्हरची, लाँग’ म्हणा आणि डबा तिथेच उघडून बघा.

गोदाकाठ_४२२
मोजलं. १८ काडतुसं २३.४ ची, कडा ९.५, खोबण नाही. ७ काडतुसं १७.३ ची, कडा ९.१, खोबण आहे. लांबमधली चार चामड्याच्या पट्ट्यात होती, त्यांच्यावर हिरवट थर आलाय. तो घासून काढू का?

कमानी_आणि_कुलूप
ती ७ पिस्तुलाची. आजच वेगळ्या डब्यात घाला आणि वर चिठ्ठी लावा. तुमच्या परवान्यावर रिव्हॉल्व्हर आहे, त्यामुळे ती जवळ बाळगणं हा कायद्याचाही प्रश्न आहे. कुणाला देऊ नका, कुठे पुरू नका, नदीत तर नकोच. आधी फोन करून मगच परवाना आणि काडतुसं घेऊन पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जा, संख्या लिहून पोच घ्या. नोंदीचं काही अडलं तर शहर हद्दीत पोलीस आयुक्तालय, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय.

हिरव्या थराची चारही बाद. चामड्यातल्या आम्लाने पितळ खाल्लं जातं, घासल्यावर चकाकेल पण भिंत पातळ झालेली असते. शिवाय तो थर चेंबरमध्ये चिकटला की पुंगळी निघत नाही. यापुढे काडतुसं मूळ खोक्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात तर हे हवंच. तेल लावू नका, टोपीतून आत झिरपतं आणि आतला पेटणारा मसाला मरतो.

उरलेल्या १४ वर साल कळत नसेल तर ती फक्त रेंजवर, जाणत्या माणसासमोर वापरा. चाप ओढूनही आवाज आला नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, चाप पुन्हा ओढू नका. आवाज नेहमीसारखा न येता नुसतं ‘फुस्स’ झालं तर त्याहून सावध. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि पुढचा बार तिच्यावर आदळला की नळी फुगते. थांबा, उघडा, सगळी काडतुसं काढा, नळीतून सळई आरपार जाते का बघा. सिलिंडर फिरतच नसेल तर गोळी अर्धी सिलिंडरमध्ये, अर्धी नळीत असू शकते. जोर लावू नका, तशीच रेंज अधिकाऱ्याच्या हवाली करा.

संध्याकाळचा_सराव
माझ्या रिव्हॉल्व्हरच्या कुलपाचा खेळ तपासला. आहे थोडा. आर्मररकडे टाकतोय.