चोरबाजारातली निळी-पांढरी बरणी: जुनी की नक्कल?

दादरची_सून: मटण स्ट्रीटला एक निळी-पांढरी चिनी बरणी बघून ठेवलीय. झाकण नाही, बुडाला चार चिनी अक्षरं. दुकानदार म्हणतो कांगशी बादशहाच्या काळातली. १५,००० च्या खाली यायला तयार नाही. घ्यावी का?

टवाळ_गडी: तीनशे वर्षांची बरणी पंधरा हजारात? माणूस दानशूर दिसतोय.

गिरगावचा_कबाडी: ताई, अक्षरांवर जाऊ नका. कांगशीची कारकीर्द १६६२ ते १७२२. पण त्याच्या नावाचा चार अक्षरी शिक्का एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्रास घालायचे, आजही घालतात.

बरणी उलटी करा. बुडाच्या कडेला ग्लेझ (वरचा काचेसारखा चकचकीत थर) नसतं, सगळं तिथेच कळतं. जुना मळ मातीत मुरलेला असतो, कुठे गडद, कुठे फिका. चहाचं पाणी नाहीतर बूटपॉलिश फासलं असेल तर कड एकसारखी तपकिरी दिसते. ओलं फडकं घासा, बऱ्याचदा रंग फडक्याला येतो. ओरखडेही बघा. वापराचे आडवेतिडवे असतात, पॉलिश पेपरचे एकाच दिशेने.

मग हात आत घाला. तेव्हाच्या मोठ्या बरण्या बहुधा दोन भागांत करून जोडलेल्या, पोटाच्या मध्यावर जोड बोटाला लागतो. (नक्कल करणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे, एकट्या जोडावर भिस्त नको.) शेवटी भिंग. कुंचल्याचा निळा कुठे साचतो, कुठे विरळ होतो. बारीक छापील ठिपके दिसले की उठायचं.

पारशी_कॉलनीशेजारी: आमच्याकडच्या बशीखाली इंग्रजीत ‘चायना’ लिहिलंय.

गिरगावचा_कबाडी: मग ती १८९१ च्या आधीची बहुधा नाही. अमेरिकेने १८९० च्या कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, १८९१ पासून ही पद्धत. ‘मेड इन चायना’ असेल तर विसाव्या शतकातली धरा.

दादरची_सून: अमेरिकेतल्या नणंदेला द्यायची होती हो.

गिरगावचा_कबाडी: मग खोटीच निघो! १०० वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने देशाबाहेर नेता येत नाही. दुकानदाराला हे सांगा आणि पक्कं बिल मागा, त्यावर ‘कांगशीकालीन’ लिहून द्या म्हणावं. भाव किती उतरतो ते इथे कळवा. आणि जायच्या आधी काळा घोड्याच्या म्युझियममध्ये टाटांच्या संग्रहातली चिनी भांडी बघून या, डोळा तयार होतो.