केमो चालू असताना त्याच आजारातून गेलेल्या कुणाशी गाठ घालून द्यावी का?

पाऊलवाट:
नणंदेला स्तनाचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं, दर तीन आठवड्यांनी केमो चालू आहे. "तुम्हाला काय कळणार" म्हणून ती घरात कुणाशी फारसं बोलत नाही. यातून गेलेल्या एखादीशी बोलली तर धीर येईल असं वाटतं. अशी व्यक्ती कशी निवडायची? की थेट सपोर्ट ग्रुपमध्येच न्यायचं? उलटाच परिणाम झाला तर?

काठावरचा:
आधी तिला विचारा. परस्पर कुणाला घरी आणून बसवलंत तर तोंडदेखलं हो-हो करेल आणि पुढच्या वेळी दारच लावून घेईल.

नुसतं "तिलाही कॅन्सर होता" एवढ्यावर जाऊ नका. ऑपरेशन, केमो, रेडिएशन यांतलं काय काय झालं ते शक्य तितकं जुळायला हवं. फक्त गाठ काढून घेतलेल्या बाईचं "काही नसतं गं" हे वाक्य पूर्ण स्तन गमावलेलीला झोंबतं. वयाचा आणि घरात लहान मुलं आहेत की नाहीत याचाही मेळ बघा. उपचार संपून निदान वर्ष झालेलं असावं, कारण नुकती सुटलेली बाई स्वतःच सावरत असते.

पहिलं बोलणं फोनवर, २०-३० मिनिटांचं. केमोनंतरचे तीन-चार दिवस मळमळ आणि थकव्यात जातात, ते टाळा. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वात कमी असतात आणि संसर्ग पटकन होतो, तेव्हा घरी भेट नको. तिसरा आठवडा त्यातल्या त्यात बरा. सर्दी-खोकला असेल तर पाहुणीने यायचंच नाही.

आणि एक अट आधीच घाला: औषधं, काढे, पथ्य यांवर सल्ला द्यायचा नाही. केस कधी परत आले, ऑपरेशननंतर पाणी काढायला लावलेली ड्रेनची नळी असताना झोपायचं कसं, ब्लाउजच्या आत काय घालायचं, हे मात्र तिनेच सांगावं. डॉक्टरांना हे विचारायला पेशंट लाजतात.

अमेरिकेत स्वतः स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या टेरीस लॅसर यांनी १९५२ मध्ये सुरू केलेला 'रीच टू रिकव्हरी' हा उपक्रम याच पायावर उभा आहे.

मधली_सुट्टी:
ग्रुपबद्दल. ८-१० जणी, दीड तास, वेळ सांभाळणारी एक जाणती व्यक्ती. याहून मोठ्या ग्रुपमध्ये गप्प बसणारी गप्पच राहते. चौकशी करताना दोन गोष्टी विचारा. आजार पसरलेल्या आणि सुरुवातीच्या टप्प्यातल्या बायका एकत्र बसतात का? शक्यतो वेगळ्या बसलेल्या बऱ्या. नाहीतर एका बाजूला धसका बसतो आणि दुसरीला मनातलं बोलताच येत नाही. दुसरं, कुणी गेलं तर बाकीच्यांना कोण आणि कसं सांगतं? याचं उत्तर तयार नसेल तर तो ग्रुप नीट चाललेला नाही, असं माझं मत.

व्हॉट्सॲप ग्रुपने सुरुवात करू नका. रात्री दोनला कुणाचा तरी वाईट रिपोर्ट येऊन पडतो आणि सावरायला शेजारी कुणी नसतं.

काठावरचा:
व्हॉट्सॲपबद्दल शंभर टक्के सहमत.

उलटतपासणी:
"ग्रुपमुळे आयुष्य वाढतं" असं कुणी सांगितलं तर जरा थांबा. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगेल यांच्या १९८९ च्या अभ्यासात तसं दिसलं होतं खरं, पण २००१ मध्ये आजार पसरलेल्या २३५ स्त्रियांवरच्या अभ्यासात आयुष्य वाढलेलं आढळलं नाही. मनाचा त्रास आणि वेदनेची जाणीव मात्र कमी झाली, विशेषतः ज्या आधीपासून जास्त खचलेल्या होत्या त्यांची. तेवढं पुरे आहे की! "सकारात्मक राहा, बरी होशील" हे तर कुणालाच बोलू देऊ नका. उद्या आजार उलटला तर तो तिला स्वतःचा दोष वाटेल.

दोन आठवडे सलग झोप नाही, कशातच मन नाही, असं असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगून मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. मरणाची भाषा आली तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पाऊलवाट:
आणि ती नकोच म्हणाली तर?

काठावरचा:
नंबर लिहून तिच्याजवळ ठेवा आणि विषय सोडा. केमो संपताना परत एकदा विचारा. तेव्हा दवाखान्याची ये-जा कमी होते, घरचे "झालं एकदाचं" म्हणून आपापल्या कामाला लागतात आणि बऱ्याच जणींना नेमकं तेव्हाच एकटं वाटायला लागतं.