अभिलेखागारातील कागद वाचायला कसे शिकवावे?

प्रश्न : पदवीच्या विद्यार्थ्यांना अभिलेखागारात नेले, की ते सूचीत थेट विषय शोधतात आणि हाती आलेला कागद खरा धरून मजकूर उतरवून घेतात. सुरुवात कोठून करावी?

उत्तर १ : सूचीपासूनच. अभिलेखागारात कागद विषयवार नव्हे, तर ते ज्या कार्यालयात निर्माण झाले त्यानुसार आणि शक्यतो मूळ क्रमाने ठेवलेले असतात. म्हणून ‘दुष्काळ’ हा शब्द शोधण्याआधी त्याची नोंद कोणत्या खात्याने, कशासाठी ठेवली असेल, हे विद्यार्थ्यांना विचारावे.

उत्तर २ : सहमत, मात्र पहिल्या तासाला एकच कागद पुरे. इटालियन विद्वान लोरेन्झो व्हाल्ला यांनी १४४० मध्ये ‘कॉन्स्टंटाइनचे दानपत्र’ (रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपला सत्ता बहाल केल्याचे सांगणारा दस्तऐवज) बनावट असल्याचे दाखवले, ते बरेचसे भाषेवरून : चौथ्या शतकातले म्हणून पुढे केलेल्या त्या पत्रात रोमच्या संदर्भात ‘सत्रप’ (इराणी साम्राज्यातील प्रांताधिकारी) हा तेथे न शोभणारा शब्द आला होता. विद्यार्थी यात गुप्तहेरकथेसारखे रमतात. तरीही बनावट कागद टाकाऊ नसतो, कारण तो रचणाऱ्यांच्या हेतूंचा तो अस्सल पुरावाच असतो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. टिपणात संग्रहाचे नाव व दप्तर क्रमांक लिहिण्याची सक्तीही करतो. त्याविना कागद पुन्हा सापडत नाही.