मदत हवी: सेन्सर टेबलावर स्थिर, तरी पोझिशन मिनिटात ३०० मीटर पळते (अर्जंट)

सांगलीकर:
अर्जंट आहे म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. सेन्सर टेबलावर ठेवलाय, कोणी हातही लावत नाहीये, अॅक्सिलरेशन दोनदा इंटिग्रेट करून पोझिशन काढतोय आणि एका मिनिटात एक्स दिशेला साधारण ३०० मीटर दाखवतंय. फॉर्म्युला बरोबर आहे, वर्गातल्या हुशार पोरांनी पण तपासलाय. नॉइज असेल म्हणून मूव्हिंग अॅव्हरेज लावलं, काडीचा फरक नाही. विमानात पण हेच करतात ना, मग माझंच का पळतंय? सोमवारी रिव्ह्यू आहे. कोणता फिल्टर लावू तेवढं सांगा प्लीज.

सोल्डरगन:
कोणता सेन्सर? कोणता बोर्ड? कशासाठी? काहीच लिहिलं नाहीस. ड्रोन असेल तर हे सगळं स्वतः लिहायच्या फंदात पडू नकोस, तयार फ्लाइट कंट्रोलर घे, त्यात अर्डूपायलट हे तयार सॉफ्टवेअर टाक, एका संध्याकाळीत उडतंय. मी सगळी क्वाड (चार मोटरची ड्रोन) अशीच बांधलीत.

सांगलीकर:
हो ड्रोनच आहे, क्वाड. सेन्सर एमपीयू ६०५० (अॅक्सिलरोमीटर आणि फिरण्याचा वेग मोजणारा जायरो एकाच चिपमध्ये), बोर्ड ईएसपी ३२. कॉलेजच्या हॉलमध्ये जीपीएसशिवाय एका जागी थांबवायचंय. तयार कंट्रोलर चालणार नाही, कोड स्वतःचा हवा असं गाइड सरांनी सांगितलंय.

घाटावरचा:
पीआयडी (ड्रोन स्थिर ठेवणारा कंट्रोल लूप) गेन किती ठेवलेत? माझ्या अनुभवाने पी कमी करून डी हळूहळू वाढवायचा, मोटर गरम व्हायला लागली की थांबायचं. आधी आतला रेट लूप नीट बसव, मग अँगल, मग व्हेलॉसिटी, पोझिशन सगळ्यात शेवटी. लोक उलट्या क्रमाने जातात आणि प्रोपेलर मोडून घेतात.

सांगलीकर:
दादा मोटर अजून लावलीच नाहीये, फक्त सेन्सर टेबलावर आहे.

क्षितिज:
फिल्टरचा प्रश्न बाजूला ठेव, आधी तुझ्याच आकड्याकडे बघ. ६० सेकंदात ३०० मीटर म्हणजे अर्धा ए टी स्क्वेअरवरून अॅक्सिलरेशन ०.१६७ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं. हा आकडा ओळखीचा आहे. ९.८१ गुणिले साइन १ डिग्री = ०.१७१. म्हणजे तुझी चिप साधारण १ डिग्री कललेली आहे आणि गुरुत्वाकर्षणाचा एक तुकडा एक्समध्ये शिरतोय. अॅक्सिलरोमीटर गती मोजत नाही रे, टेबल त्याला वर ढकलतंय ते मोजतो. तू झेडमधून सरळ १ जी (गुरुत्वाकर्षणाचे ९.८१) वजा करत असशील तर चालणार नाही. आधी वेक्टर जमिनीच्या अक्षांमध्ये फिरव, मग वजा कर. मूव्हिंग अॅव्हरेजने नॉइज जातो, पण सतत एकाच बाजूला असलेली चूक त्याला दिसतच नाही, अॅव्हरेजमध्ये ती तशीच राहते.

सांगलीकर:
टेबल स्पिरिट लेव्हलने तपासलंय, बबल बरोबर मध्ये आहे.

क्षितिज:
टेबल सरळ असेल, चिप सरळ आहे का? छोटा बोर्ड, त्याखाली डबल टेप, एका बाजूला हेडर पिना. १ डिग्री सहज जाते त्यात.

मीरा_एम:
क्षितिज, गणित बरोबर आहे पण निष्कर्षाची घाई होतेय. ०.०१७ जी चा ऑफसेट (एकाच बाजूची कायमची चूक, म्हणजे बायस) चिपमधूनही येऊ शकतो. डेटाशीटमध्ये एक्स-वायचा झिरो-जी ऑफसेट अधिक-उणे ५० मिली-जी दिलाय, झेडचा ८०. त्यापुढे १७ मिली-जी काहीच नाही. मला हा कल कमी आणि बायस जास्त वाटतो.

क्षितिज:
एवढा बायस असलेली चिप माझ्या हातात कधी आली नाही. कलच आहे.

मीरा_एम:
तुझ्या हातात न आल्याने डेटाशीट बदलत नाही. आणि वाद कशाला, मोजून बघता येतं की. सांगलीकर, असं कर. टेबलावर पेन्सिलने बोर्डाची चौकट आख. एक्सचं रॉ रीडिंग काही सेकंद घेऊन सरासरी काढ. मग बोर्ड तिथल्या तिथे १८० डिग्री फिरवून (उलटा पालथा नाही, नुसता वळवून) त्याच चौकटीत ठेव आणि परत सरासरी काढ. बायस चिपबरोबर फिरतो, तो तसाच राहील. टेबलाचा उतार मात्र चिन्ह बदलेल. दोन्हींची बेरीज भागिले दोन म्हणजे बायस, वजाबाकी भागिले दोन म्हणजे उतार. टेपमुळे असलेला चिपचा स्वतःचा तिरपेपणा बायसमध्येच मोजला जाईल, तो वेगळा काढायचा तर सहा बाजूंवर ठेवून कॅलिब्रेशन करावं लागेल, पण सुरुवातीला एवढं पुरे.
रेंज २ जी वर आहे ना? मग १ जी म्हणजे १६३८४ काउंट (चिप देते ते रॉ आकडे). आणि एकदा चिपची ओळख सांगणारं हू-अॅम-आय रजिस्टर वाच, ६८ हेक्स यायला हवं. नाहीतर चिप भलतीच असू शकते, बाजारात नकली खूप आहेत.

हँगर_दोन:
मीराताईंनी सांगितलेली युक्ती वाचून फार बरं वाटलं. आमच्या वेळी जंबो ७४७ वर डेल्को कंपनीचं कॅरोसेल नावाचं आयएनएस (फक्त स्वतःच्या सेन्सरवरून विमानाची जागा काढणारं यंत्र) असायचं. त्यातला प्लॅटफॉर्म सेन्सरना उभ्या अक्षाभोवती मिनिटाला एक फेरी या वेगाने सतत फिरवायचा. कारण हेच, आडव्या सेन्सरचा बायस एका फेरीत सगळ्या दिशांना सारखा वाटला जातो आणि बराचसा आपोआप कटतो. अशी तीन युनिट असायची एका विमानात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ती मशिनरी आठवली की अजून आदर वाटतो.

घाटावरचा:
काका, जंबोमध्ये तीन-तीन होते तर ते कोरियन विमान रशियात कसं घुसलं? तेव्हा आयएनएस बिघडलं होतं ना?

हँगर_दोन:
नाही, हा गैरसमज फार पसरलाय. १ सप्टेंबर १९८३, कोरियन एअर लाइन्स ००७, अँकरेजहून सोलला निघालं होतं, सोव्हिएतांनी पाडलं, २६९ माणसं गेली. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या) १९९३ च्या अहवालात आयएनएसवर ठपका नाही. ऑटोपायलट हेडिंग मोडमध्येच (एकच दिशा धरून उडायचा) राहिला, किंवा आयएनएस मोडवर टाकला तेव्हा विमान ठरलेल्या मार्गापासून इतकं लांब होतं की त्याने मार्ग पकडलाच नाही. यंत्राला रस्ता माहीत होता, पण विमान चालवणारा लूप त्याला जोडलेलाच नव्हता. क्रूला ते कळलं नाही. त्यानंतरच अमेरिकेचे अध्यक्ष रेगननी जीपीएस नागरी विमानांना खुलं करू असं जाहीर केलं.

सोल्डरगन:
विषय सोडून चाललंय. सांगलीकर, ऑप्टिकल फ्लो घे, पीएमडब्ल्यू ३९०१, खाली बघणारा छोटा कॅमेराच तो, आणि उंचीला लेझरवाला व्हीएल५३एल१एक्स. दोन्ही लावले की पोझिशन होल्ड होतो.

सांगलीकर:
टेस्ट केली. ६८ हेक्सच आलं. आधी एक्स २८०, फिरवल्यावर १२०.

मीरा_एम:
बेरीज ४००, अर्धे २००, म्हणजे बायस १२ मिली-जी. वजाबाकी १६०, अर्धे ८०, म्हणजे उतार सुमारे ५ मिली-जी, ०.२८ डिग्री. मिनिटाला बायसचे २१५ मीटर आणि उताराचे ८६. तुझे ३०० भरले बघ.

क्षितिज:
मान्य, बायस मोठा निघाला. पण ८६ मीटर नुसत्या पाव डिग्रीने गेलेत हे पण बघा. स्पिरिट लेव्हलच्या बबलवर पाव डिग्री डोळ्याला दिसत नाही.

सांगलीकर:
म्हणजे २०० वजा केले आणि कल काढला की झालं? मग सेंटिमीटरमध्ये येईल ना?

क्षितिज:
नाही, आता जायरोची पाळी. हवेत कल कळणार जायरोवरून. कॅलिब्रेट करूनही जायरोचा बायस समज ०.०५ डिग्री प्रति सेकंद उरला. कल वेळेबरोबर वाढत जाणार, त्याचं अॅक्सिलरेशन वाढणार, आणि पोझिशनची चूक वेळेच्या घनाने वाढणार. १० सेकंदात १.४ मीटर, ६० सेकंदात परत ३०८. आणि अॅक्सिलरोमीटरवरून कल दुरुस्त करायचा म्हटलं तर ड्रोन पळत असताना त्याला 'खाली' कुठे आहे ते नीट कळत नाही. कॉम्प्लिमेंटरी फिल्टर, मॅडग्विक, काही लाव, अँगल छान येईल, पण पोझिशन येणार नाही. काल्मन फिल्टर पण जादू करत नाही, बाहेरून काही माप मिळालं तरच तो दुरुस्त करतो.

सांगलीकर:
मग विमानात कसं येतं? सर म्हणतात विमानात फक्त आयएमयूवर (अॅक्सिलरोमीटर आणि जायरोचा संच) समुद्र ओलांडतात.

हँगर_दोन:
सर चुकीचं सांगत नाहीत, पण विमानातला जायरो वेगळ्या जातीचा असतो बाळा. रिंग लेझर जायरोचा ड्रिफ्ट तासाला ०.०१ डिग्रीच्या घरात. तुझा ०.०५ डिग्री सेकंदाला, म्हणजे तासाला १८०. अठरा हजार पट फरक. विमान गेटवर उभं असताना आम्ही अलाइनमेंट करायचो, आपल्याकडच्या अक्षांशाला साधारण १० मिनिटं, तेवढ्यात विमान हलवायचं नाही, हललं तर परत पहिल्यापासून. त्या वेळात यंत्र पृथ्वीचं फिरणं मोजून उत्तर शोधतं. पृथ्वी सेकंदाला ०.००४२ डिग्री फिरते आणि तुझ्या चिपचा एक काउंटच ०.००७६ डिग्रीचा आहे, एका काउंटाएवढंही ते फिरणं भरत नाही.
शिवाय लांबच्या प्रवासात शूलर लूप असतो. विमान पुढे जातं तशी 'खाली' ही दिशा वळत जाते, यंत्र स्वतःच्या वेगावरून ती वळवत राहतं. वेग चुकला की ही दिशाही कलते, आणि तो कल गुरुत्वाकर्षणाचा तुकडा उलट्या बाजूने आत आणतो, म्हणून चूक नुसती वाढत न जाता ८४.४ मिनिटांच्या झोक्यात मागेपुढे होते. जायरोचा ड्रिफ्ट मात्र त्यावर चढत जातोच, म्हणून तासाला साधारण १ नॉटिकल मैल चूक धरतात. समुद्रावर मैलभर चालतं. तुला हॉलमध्ये हात-दोन हात पण चालणार नाही, आणि तुझ्या एका मिनिटात शूलरचा काहीच उपयोग नाही. आजची विमानं पण आयआरएसमध्ये (आयएनएसचंच नवं रूप) जीपीएस आणि डीएमई (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रापासूनचं अंतर) मिसळतातच.

घाटावरचा:
सगळे विसरताय, ड्रोन रूल्स २०२१ वाचलेत का? २५० ग्रॅमच्या वर गेलं की नॅनो राहत नाही, आणि विमानतळापासून १२ किलोमीटरचा यलो झोन असतो, आधी तो ४५ होता.

सांगलीकर:
दादा हॉलच्या आत उडवणार आहे.
सोल्डरगनदादा, तो फ्लो सेन्सर आमच्या हॉलमध्ये चालेल का? खाली एकसारखी गुळगुळीत फरशी आहे.

सोल्डरगन:
नुसत्या चकचकीत फरशीवर फसतो, त्याला पकडायला काहीतरी दिसावं लागतं. नक्षीवाली सतरंजी नाहीतर रंगीत चटई अंथर, उजेड भरपूर ठेव. आणि जायरोचं रीडिंग त्यातून वजा करायला विसरू नकोस, ड्रोन नुसता कलला तरी सेन्सरला वाटतं आपण सरकलो. मी परत सांगतो, तयार कंट्रोलरमध्ये हे सगळं आधीच केलेलं असतं.

मीरा_एम:
तयार नको म्हणतोय तो, शिकायचंय त्याला, शिकू दे. सांगलीकर, रिव्ह्यूला आलेख ने. एकात काहीच दुरुस्ती नाही, दुसऱ्यात बायस काढून, तिसऱ्यात बायस आणि कल दोन्ही काढून. आणि क्षितिजने दिलेलं घनाचं गणित खाली लिही. फक्त आयएमयूवर किती सेकंद निभावेल ते आकड्यात दाखवलंस की फ्लो सेन्सर कशाला हवा हे सर स्वतःच म्हणतील. जायरोचा बायस दर वेळी चालू केल्यावर परत मोज, चिप तापली की तो सरकतो.

सांगलीकर:
सरांना फोनवर ३०० मीटरचा हिशोब सांगितला. फ्लो सेन्सर चालेल म्हणाले, पण आयएमयूचा कोड मात्र पूर्ण स्वतःचा हवा. ताई, क्षितिजदादा, काका, खूप आभार. आलेख झाले की इथेच टाकतो.

नवी_मुंबईकर:
मी फिक्स्ड विंगवर (स्थिर पंखांचं छोटं विमान) करतोय, माझ्याकडे एमपीयू ९२५० आहे. त्यात ही फिरवायची टेस्ट चालेल का?

मीरा_एम:
चालेल. त्यात मॅग्नेटोमीटर (होकायंत्र) पण आहे, तो मोटरच्या वायरींपासून लांब बसव. विंगला एअरस्पीड सेन्सर लावलायस का, आणि जीपीएस आहे की तू पण हॉलमध्येच?