'अवर व्हिलेज ड्राऊन्ड' चूक, मग 'ड्राऊनिंग इन वर्क' बरोबर कसं?

वैनगंगाकाठ
भाचा दहावीत हाय. पुरावर निबंध होता, त्यानं लिहिलं 'अवर व्हिलेज ड्राऊन्ड'. मॅडमनं लाल गोल मारला आन् वर 'वॉज फ्लडेड' लिहून देलं. बरं, ठीक. पण त्याच वहीत मागच्या पानावर 'आय ॲम ड्राऊनिंग इन वर्क' आहे, त्याले बरोबरची खूण! आता मले सांगा, ऑफिसात पंख्याखाली बसलेला माणूस कामात ड्राऊन होऊ शकते, आन् २०२० च्या ऑगस्टात भंडाऱ्यात घराच्या छपरापर्यंत पाणी आलं ते गाव ड्राऊन होऊ शकत नाही? माझं म्हणणं सरळ हाय, ज्यानं पूर पाहिला नाही त्यानं हे शब्द फुकटात वापरू नये. वाढदिवस झाला की 'फ्लडेड विथ विशेस', सेल लागला की 'फ्लड ऑफ ऑफर्स', आणि ज्या दिवशी खरंच नदी गावात येते त्या दिवशी बातमीले शब्दच उरत नाही. पोट्ट्यायले हे शिकवणं बंद करा.

मास्तर_पवनी
भाऊ, मॅडम चुकल्या नाहीत. इंग्रजीत 'ही ड्राऊन्ड' एवढंच म्हटलं की माणूस गेला असाच अर्थ घेतात, वाचला असेल तर 'नियरली' लावावं लागतं. म्हणजे हा शब्द मुळात श्वास घेणाऱ्या जीवाचा आहे. गावासाठी फ्लडेड किंवा सबमर्ज्ड. 'ड्राऊनिंग इन' च्या पुढं काम, कर्ज, कागद काहीही येतं, ती ठरलेली बोलण्याची पद्धत आहे. आता कोणी म्हणेल भूगोलात 'ड्राऊन्ड व्हॅली' असते, हो असते, समुद्राची पातळी वाढून नदीचं खोरं पाण्याखाली गेलं की तसं म्हणतात, म्हणून मी गोल न मारता बाजूला प्रश्नचिन्ह टाकलं असतं. पण दहावीच्या पेपरात रिस्क काहून घ्यायची?

कापूसवाली
वैनगंगाकाठ दादा, इंग्रजीवर काहून चिडता? आपण काय कमी करतो का. पोट्ट्यानं शाळा बुडवली, ठेकेदारानं मजुरी बुडवली, पतसंस्था बुडाली, जावई कर्जात बुडाला. माझ्या गावात पाणी न येता वर्षभर बुडणंच चालू असते. कोणी म्हणते का, नदीकाठच्या लोकायचा अपमान झाला म्हणून? गंमत पाहा, अमेरिकेत घराची किंमत कर्जापेक्षा कमी झाली तर कर्ज घेणाऱ्याले 'अंडरवॉटर' म्हणतात, तो बिचारा हप्ते भरतच असते. आपल्याकडं बँक 'बुडीत कर्ज' म्हणते तेव्हा बुडतो तो देणाऱ्याचा पैसा. दोन्हीकडं पाणी एकच, पण ओला कोण झाला ते येगळं.

वैनगंगाकाठ
ताई, मजुरी बुडाली म्हणताना खरंच काही गेलेलं असते. 'फ्लडेड विथ विशेस' मधी काय गेलं? मोबाईलची बॅटरी.

धान_उत्पादक
तुमचं सगळं शाळेतलं हाय बावा. खरा फटका विम्याच्या कागदात बसते. पीक विम्यात 'फ्लड' आणि 'इनंडेशन' हे दोन येगळे शब्द होते आन् त्यात पैशाचा फरक होता. पूर म्हणजे पूर्ण महसूल मंडळाचं उत्पन्न घटलं का ते पाहणार, पीक कापणी प्रयोग होणार, म्हणजे काही शेतातलं पीक कापून उत्पन्न मोजणार, मग आकडा. इनंडेशन म्हणजे फक्त तुमच्या बांधीत पाणी साचलं, ७२ तासात कळवा, तुमचंच शेत पाहायले माणूस येईल. आणि मजा पाहा, २०१८ मधी धानाले त्या इनंडेशनमधूनच काढून टाकलं, काहून तर धान पाण्यातलं पीक! अरे पाण्यातलं हाय म्हणून काय आठ-आठ दिवस शेंड्यावरून पाणी वाहिलं तरी जगते का? तिथं बसलेल्यायले धान बुडणं ही म्हण वाटली अशीन.

मंडळ_१२
अर्धीच माहिती. महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपात ते वैयक्तिक नुकसानीचं कलमच राहिलं नाही, एक रुपयाचा विमा पण गेला, सगळं फक्त कापणी प्रयोगावर आलं. त्यामुळं फ्लड म्हणा की इनंडेशन, आपल्या इथं सारखंच झालं. शब्द बरोबर असून पैसे भेटत नाही, मग शब्दावर एवढं भांडून काय फायदा.

धान_उत्पादक
फायदा हा की कलम परत मागायचं तर त्याचं नाव तर माहीत पाहिजे ना. 'साहेब, शेत बुडालं' म्हटलं की तो हो हो म्हणून दुसरी फाईल उघडते.

आरोग्यसेविका
ड्राऊनिंगचं मी सांगते. मास्तर म्हणतात ते रोजच्या बोलण्यात खरं, पण वैद्यकीय भाषेत २००२ पासून बदललं आहे. ॲमस्टरडॅमच्या परिषदेत व्याख्या ठरली ती जागतिक आरोग्य संघटना वापरते, पाण्यात बुडून श्वासाला त्रास झाला की ते ड्राऊनिंग, मग माणूस मेला काय आणि वाचला काय. 'नियर ड्राऊनिंग' वापरू नका म्हणतात. आणि ते बरोबर आहे, बोडीत, म्हणजे शेततळ्यात, पडलेलं पोरगं काढलं, बोलायला लागलं की घरचे म्हणतात बुडलं नाही, वाचलं, आणि दवाखान्यात नेतच नाहीत. छातीत पाणी गेलेलं असेल तर काही तासांनी दम लागतो. खोकला, धाप असेल तर लगेच १०८ बोलवा, वाट पाहू नका.

कापूसवाली
हे कामाचं बोललात ताई.

चंद्रपूरकर
मी वैनगंगाकाठच्या बाजूनं, पण कारण दुसरं. विशेस-ऑफर्स जाऊ द्या, कोणाचं काही बिघडत नाही. वाईट तेव्हा जेव्हा पाण्याचा शब्द माणसायवर टाकतात. जानेवारी १९७८ मधी ब्रिटनच्या पुढारी मार्गारेट थॅचर टीव्हीवर म्हणाल्या होत्या की बाहेरून येणाऱ्या लोकायमुळं तिथल्यायले 'स्वॉम्प्ड' होण्याची भीती वाटते. स्वॉम्प म्हणजे दलदल. आजही तिकडच्या पेपरात 'फ्लड ऑफ मायग्रंट्स' चालते. एकदा माणसायले पूर म्हटलं की मग बांध घालणं आपोआप शहाणपणाचं वाटायले लागते, त्यात कोणाची बायको, कोणाचं लेकरू हाय हे कोण पाहते. आपल्या इथले लोक दर साली मिरची तोडायले तेलंगणात जातात. उद्या तिकडं कोणी लिहिलं की विदर्भाच्या मजुरांचा महापूर, तर?

मंडळ_१२
आपणच लिहितो ना तसं, 'भाविकांचा महापूर', 'जनसागर लोटला'. कोणाले राग आला?

चंद्रपूरकर
भाविकायले हाकलायचं नसते म्हणून राग येत नाही.

वरुड_साइड
नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडचं कोणी बोललं नाही अजून. ३० जुलै १९९१, वर्धा नदीचा पूर, २०४ माणसं गेली. आमच्या भागात म्हाताऱ्या बाया अजूनही जून-जुलैत 'कामाचा पूर आला' असं बोलू देत नाहीत. बाकी वर्षभर बोला म्हणतात. हा नियम मले पटते, इंग्रजीले बी लागू करा.

मास्तर_पवनी
बोर्ड मान्य करणार नाही :)

वैनगंगाकाठ
मास्तर, ते सोडा. उद्या भाच्यानं काय लिहायचं ते सांगा.

मास्तर_पवनी
'द रिव्हर एंटर्ड अवर व्हिलेज' लिहू द्या. पाणी कुठपर्यंत आलं, कोणत्या घरापर्यंत, जनावरं कुठं बांधली, ते पुढच्या ओळीत. पूर्ण मार्क देतो.

वैनगंगाकाठ
आणि ड्राऊन्ड?

मास्तर_पवनी
अर्धा मार्क कापीन.

वैनगंगाकाठ
मग अर्धा कापा. मी त्याले तेच लिहायले सांगणार हाय.