विल्सन पती-पत्नींचं मुंबईतलं रोजचं जगणं

गिरगावची लेक: माझी आई गामदेवीच्या सेंट कोलंबात शिकली. तिच्या शाळेचा बिल्ला अजून माझ्याकडे पत्र्याच्या डब्यात आहे, पिन गंजलीय. ही शाळा 1832 साली मार्गारेट विल्सन या बाईंनी काढली. विल्सन कॉलेजवाले जॉन विल्सन तिचे यजमान. त्यांच्याबद्दल पुष्कळ वाचायला मिळतं, पण ती इथे कशी राहिली असेल? स्कॉटलंडहून आलेली बाई, ना पंखा, ना माहेर. कुणी सांगेल का?

दापोलीकर: दोघं 1829 च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले आणि मराठी शिकायला आधी आमच्या कोकणात आले, बाणकोट-हर्णैला. त्या वर्षाअखेर परत मुंबईत. हर्णैच्या बंदरावर पहाटे मासळीचा लिलाव ऐकलाय का? भाषा कानात बसायला त्याहून चांगली जागा नाही, असं मला मनापासून वाटतं.

अनघा_ठाकूरद्वार: जॉनसाहेब मिशनरी, ख्रिस्ती धर्मप्रचारासाठी लांबलांब फिरायचे. मागे घर, मुलं, मुलींच्या शाळा, सगळं बाईंवर. 1831 ला मुंबईतच जन्मलेला अँड्र्यू पुढे मोठा प्रवासी झाला. बाई मात्र 1835 त गेल्या, जेमतेम सहा वर्षांत. मग त्यांच्या बहिणी, ॲना आणि ‘हे’ (Hay) नावाची दुसरी, इथे येऊन शाळांना लागल्या. मला तर या बहिणींचंच जास्त कौतुक वाटतं.

गिरगावची लेक: बहिणींचं ठाऊकच नव्हतं! आईला आत्ताच फोन करते.